रिकव्हरीतला पहिला आकडा: ग्वाल्हेरच्या एका ऑपरेशन थिएटरचे प्रकरण

ग्वाल्हेर, लष्कर भाग. साठ खाटांचे खासगी रुग्णालय, दोन ऑपरेशन थिएटर, चार खाटांची रिकव्हरी खोली, जिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्णावर काही वेळ लक्ष ठेवतात. भूलतज्ज्ञ पाच: दोन पूर्णवेळ, तीन बाहेरून येणारे. महिन्याला साधारण दीडशे शस्त्रक्रिया. हे रुग्णालय, त्यातली माणसे आणि त्यांचे आकडे शिकवण्यासाठी रचलेले आहेत. या आकाराच्या रुग्णालयांत जे नेहमी दिसते ते एका छताखाली आणले आहे. शरीरशास्त्र, मार्गदर्शिका आणि अभ्यास यांचे आकडे मात्र खरे आहेत.

तक्रार रिकव्हरीच्या सिस्टरांकडून आली. थंडी सुरू झाल्यापासून बाहेर आलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण कुडकुडतो, दात वाजतात, ऑक्सिजनचे बोटाला लावलेले यंत्र आकडा पकडत नाही, आणि दोन दुलया घातल्या तरी तासभर तेच. भूलतज्ज्ञांचे उत्तर ठरलेले: थंडी आहे, त्यात विशेष काय? मग ठरले की रुग्ण रिकव्हरीत आल्यावर दहा मिनिटांच्या आत शरीराचे तापमान मोजायचे आणि ज्याने भूल दिली त्याला ते नियमित कळवायचे.

हा आकडा निवडण्यामागे कारण होते. शस्त्रक्रियेतल्या रुग्णसेवेचे बरेचसे परिणाम उशिरा दिसतात आणि त्यांत अनेकांचे हात असतात. जखमेतला पू आठव्या दिवशी दिसतो, तोवर रुग्ण मुरैन्याला घरी पोचलेला असतो. रिकव्हरीतले तापमान लगेच मिळते, मोजायला फुकट पडते, आणि भूलतज्ज्ञाच्या हातात असलेल्या चार-पाच गोष्टींशी थेट जोडलेले असते. निदान सगळ्यांना तसे वाटत होते.

रुग्ण थंड का पडतो

माणूस उघड्या अंगाने थंड खोलीत पडतो म्हणून तो थंड पडतो, हे अर्धेच खरे. भूल दिल्यावर पहिल्या तासात गाभ्याचे, म्हणजे पोट, छाती आणि डोक्याच्या आतले तापमान साधारण १ ते १.५ अंशांनी उतरते आणि त्यातला मोठा भाग बाहेर गेलेल्या उष्णतेचा नसतो. भुलेने हातापायांच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि पोटाछातीत सांभाळून ठेवलेली ऊब गार हातापायांकडे वाहते. शरीरातली एकूण ऊब जवळपास तितकीच राहते, जागा बदलते. म्हणून भूल दिल्यानंतर सुरू केलेला वॉर्मर, म्हणजे ब्लँकेटमध्ये गरम हवा सोडणारे यंत्र, पहिल्या तासात फारसा हात देत नाही, आणि हातपाय आधीच ऊबदार असतील तर ही घसरण मुळातच कमी होते. पुढचे दोन-तीन तास मात्र खरोखर उष्णता बाहेर जाते. तिथे वॉर्मर कामाला येतो.

स्पायनलमध्येही, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर करतात त्या भुलेतही, हेच घडते, फक्त कमरेखाली. त्यात गंमत अशी की पायांकडे रक्त गेल्याने रुग्णाला ऊबदार वाटते. ‘थंडी वाजतेय का?’ असे विचारले तर तो नाही म्हणतो, आणि गाभा ३५.४ वर असतो. विचारण्यावर भरवसा ठेवू नये तो यासाठी.

सलाईनचा हिशेब प्रत्येक थिएटरात भिंतीवर लावावा असा आहे. पन्नास किलोच्या बाईच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४१ किलोकॅलरी लागतात. बिनहीटरच्या स्टोअरमधून काढलेली १२ अंशांची एक लिटरची बाटली पटकन चढवली, तर ती ३७ अंशांवर आणायला शरीराला २५ किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. म्हणजे एका बाटलीत सरासरी ०.६ अंश गेले. हीच बाटली २२ अंशांची असती तर ०.३६. थेंब थेंब चढणारी बाटली नळीतच खोलीच्या तापमानाला येते, त्यामुळे हा फटका वेगाने द्रव देताना बसतो, आणि स्पायनलनंतर रक्तदाब पडला की द्रव वेगानेच दिले जातात.

मोजणी: सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग

पहिले तीन आठवडे वाया गेले. रिकव्हरीत कोविडच्या काळापासून कपाळावर रोखायची इन्फ्रारेड गन पडून होती. तिने सगळेच रुग्ण ३६.३ ते ३६.६ दाखवले, कुडकुडणारेसुद्धा. कपाळाची त्वचा गाभ्याचे तापमान सांगत नाही. त्यात थिएटरचा गार वारा, पुसलेला घाम आणि यंत्राचे स्वतःचे गणित. काचेचे जुने थर्मामीटरही निरुपयोगी, कारण ते ३५ अंशांखाली दाखवतच नाही.

शेवटी औषधाच्या दुकानातला साधा डिजिटल थर्मामीटर ठरला. जिभेखाली, मागच्या खोबणीत, ओठ मिटून, बीप वाजेपर्यंत. पाण्याचा घोट देण्याआधी. ऑक्सिजन मास्क असेल तर मोजण्यापुरती नळी नाकात लावायची. रुग्ण गुंगीत असेल तर काखेत, दंड अंगाला घट्ट लावून पाच मिनिटे, आणि नोंदीपुढे ‘काख’ असे लिहायचे, कारण काखेतला आकडा तोंडापेक्षा कमी येतो आणि दोन्ही एकत्र मिसळले की हिशेब बिघडतो. हे थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटमध्ये असतात, म्हणून तक्त्यावर दोन रेघा छापल्या: ९६.८ म्हणजे ३६.० सेल्सिअस आणि ९५.९ म्हणजे ३५.५.

अर्ध्या तासापेक्षा मोठ्या शस्त्रक्रियाच धरल्या. आठ आठवड्यांत अशा २१२ नोंदी झाल्या, त्यांत ९३ रुग्ण ३६ अंशांखाली. म्हणजे ४४ टक्के. आणखी ३१ रुग्णांची नोंदच नव्हती. त्यांतले बरेचसे रात्रीचे. न मिळालेल्या नोंदी टक्केवारीखाली वेगळ्या ओळीत लिहिल्या. त्या गाळल्या तर पुढे आकडा ‘सुधारायचा’ सोपा मार्ग नोंद न करणे हाच ठरतो.

पहिला कागद आणि त्यावरून झालेला गोंधळ

पहिला फीडबॅक व्यवस्थापकाच्या केबिनमधून आला. चहाच्या खोलीत, फळ्यावर, पाच नावे, थंड रुग्णांच्या पाच टक्केवाऱ्या, चढत्या क्रमाने. सगळ्यात खाली बाहेरून येणारे एक भूलतज्ज्ञ: ६२ टक्के रुग्ण थंड.

हे ६२ टक्के म्हणजे १३ पैकी ८. इतक्या थोड्या नोंदींवर खरा आकडा ३५ ते ८२ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे त्यांचे काम रुग्णालयाच्या सरासरीपेक्षा चांगले असण्याचीही शक्यता उरते. शिवाय त्यांच्या आठातले पाच रुग्ण प्रोस्टेटचे होते. सत्तरीचे आजोबा, स्पायनल, पाय वर बांधलेले, आणि दुर्बिणीतून मूत्राशयात जाणारे वीस-वीस लिटर धुण्याचे पाणी, तेही त्याच बिनहीटरच्या स्टोअरमधले. यादीत वर असलेल्या डॉक्टर बहुतेक थायरॉइड आणि कानाच्या शस्त्रक्रियांना भूल देतात. दोघांना एका शिडीवर उभे करणे म्हणजे घाटातल्या ट्रकचा वेग शहरातल्या रिक्षाशी मोजणे.

दोन आठवड्यांत परिणाम दिसला. थर्मामीटरचे आकडे बदलले, रुग्णांचे कुडकुडणे तसेच राहिले. नोंदवहीचे एक पान असे होते: ३६.०, ३६.०, ३६.१, ३६.०, ३५.२, ३६.०, ३६.०. तीन पानांत ३५.९ एकदाही नाही, ३५.८ एकदाही नाही. शरीराचे तापमान अशी उडी मारत नाही. सीमेच्या बरोबर वर ढीग आणि बरोबर खाली खड्डा दिसला की लिहिणाऱ्याच्या हाताला भीती बसली आहे असे समजावे. सिस्टर खोटे लिहीत नव्हत्या. ‘सरांचा पेशंट आहे, परत एकदा बघते’ असे म्हणून त्या पुन्हा मोजत होत्या आणि दोनांतला मोठा आकडा लिहीत होत्या. ज्याचा आकडा चांगला होता त्याचे मात्र कोणी पुन्हा मोजत नव्हते.

फळा पुसला गेला. आमच्या मते तो लावायलाच नको होता, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येक रुग्णालय एकदा करते.

दुसरा कागद

नवा कागद वरिष्ठ भूलतज्ज्ञ मॅडमनी आखला. एका बाजूचा, दर सोमवारी, ज्याचा त्याच्याच हातात. वरच्या अर्ध्यात त्या व्यक्तीचे प्रत्येक रुग्णाचे तापमान, क्रमाने, एकेक ठिपका, ३६.० ची रेघ आणि ३५.५ ची लाल रेघ. इतरांची नावे नाहीत, सगळ्यांचा मिळून मध्य, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, फक्त फिकट रेघेने. शेजारच्याशी तुलना नसून स्वतःच्या मागच्या महिन्याशी आहे, हे डोळ्यालाच कळले पाहिजे. सलग सहा ठिपके मध्याच्या एकाच बाजूला आले तर बदल झाला असे धरायचे. एखादा ठिपका खाली गेला म्हणून कोणी बोलावून घ्यायचे नाही.

३५.५ ची वेगळी रेघ कशासाठी, यावर वाद झाला. आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरच्या १९९६ च्या प्रसिद्ध अभ्यासात थंड राहिलेल्या गटात जखमेचा संसर्ग १९ टक्के आणि ऊबदार गटात ६ टक्के होता. पण तिथले थंड रुग्ण सरासरी ३४.७ वर होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच हजारांवर रुग्णांच्या प्रोटेक्ट चाचणीत ३५.५ च्या आसपास ठेवलेले आणि ३७ वर ठेवलेले रुग्ण तोलले, तेव्हा हृदयाची इजा, हृदय बंद पडणे आणि मृत्यू मिळून फरक दिसला नाही. म्हणजे ३५.९ आणि ३४.८ यांना एकाच खान्यात ‘थंड’ म्हणून मोजणे डॉक्टरवर अन्याय आणि रुग्णाच्या दृष्टीने निरर्थक. ३६ हे लक्ष्य राहिले, पण बोलायचे ते ३५.५ खालच्या रुग्णांविषयी.

कागदाच्या खालच्या अर्ध्यात शेवटचे पाच थंड रुग्ण, प्रत्येकी एक ओळ: शस्त्रक्रिया, वेळ, भुलेआधीचे तापमान, वॉर्मर कितव्या मिनिटाला लागला, किती लिटर द्रव आणि ते गरम होते की गार. नावे नाहीत. सगळ्यात तळाशी एकच प्रश्न: पुढच्या आठवड्यात यातली कोणती एक गोष्ट बदलणार? कागद मॅडम स्वतः देत, पहिली केस सुरू व्हायच्या आधी, पाच मिनिटे बोलून. कागदाचा मानधनाशी आणि ड्यूटीशी संबंध नाही असे लेखी ठरले. ते ठरेपर्यंत बाहेरून येणाऱ्या तिघांपैकी एकानेही कागदाला हात लावला नव्हता.

या तपशिलांना आधार आहे. फीडबॅकवरच्या १४० चाचण्या एकत्र तपासणारा, कोक्रेन या संशोधन-संस्थेचा २०१२ चा आढावा सांगतो की फीडबॅक वरिष्ठाकडून किंवा सहकाऱ्याकडून, एकापेक्षा जास्त वेळा, तोंडी आणि लेखी दोन्ही, ठरलेल्या लक्ष्यासह आणि पुढे काय करायचे यासह दिला तर जास्त चालतो. आणि मुळात काम जिथे कच्चे आहे तिथे जास्त फरक पडतो. त्याच आढाव्यातला दुसरा आकडा मात्र सहसा सांगितला जात नाही: मध्य सुधारणा फक्त ४.३ टक्के अंकांची. कागद वाटून चव्वेचाळीसचे दहा होतील अशी आशा करणाऱ्याने हे आधी वाचावे.

दौलतगंजच्या काकू

तिसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेआठला, फळ्यावर तळाशी असलेल्या त्याच डॉक्टरांनी कागद उलटा धरून मॅडमसमोर ठेवला.

“मॅडम, हे बघा. पाचातले तीन माझ्याकडे आले तेव्हाच साडेपस्तीसच्या खाली होते. मी कुठे गार केले?”

मॅडमनी सिस्टरांना हाक मारली. “ताई, या दौलतगंजच्या काकू, पित्ताशयाच्या. त्या सकाळपासून कुठे होत्या?”

सिस्टरांनी वहीतून सांगितले. वय ६२, लिस्टवर दुसऱ्या. पहाटे साडेपाचला वॉर्डात अंघोळ, केस ओले, तशीच वेणी. ८:५० ला थिएटरच्या दारात. तिथे वॉर्डची दुलई काढून घेतली, कारण ‘बाहेरचे कापड आत नको’. अंगावर पातळ हिरवा गाऊन, खाली स्टीलची ट्रॉली आणि एक चादर. आधीची केस लांबली. ९:३५ पर्यंत ट्रॉली चौकाकडे उघडणाऱ्या दाराजवळ, आणि दार दर दोन मिनिटांनी उघडे. भुलेआधी तापमान ३५.३. शस्त्रक्रिया ७० मिनिटे, वॉर्मर लावलेला, द्रव एक लिटर. रिकव्हरीत ३५.१.

म्हणजे थिएटरात गेले ०.२. त्या डॉक्टरांनी काम उत्तम केले होते आणि फळ्यावर ते शेवटचे होते.

मग सगळ्यांचे थंड रुग्ण एकत्र मांडले. वीसपैकी बारा भुलेआधीच ३६ खाली, आणि त्या बारांतले नऊ लिस्टवर दुसरे किंवा तिसरे. पहिल्या क्रमांकाचा रुग्ण वॉर्डातून थेट टेबलावर जातो. वाट बघणारा थंड पडतो. भूलतज्ज्ञांच्या नावावर जाणारा निम्म्याहून अधिक दोष कॉरिडॉरचा होता, आणि कॉरिडॉरला कोणी कागद देत नव्हते. ‘भुलेआधीचे तापमान’ हा एक रकाना ठेवला नसता, तर हे वर्षभर कळले नसते.

काय बदलले

वॉर्डची दुलई आता टेबलापर्यंत येते. थिएटरसाठी वेगळ्या, दर वेळी धुतल्या जाणाऱ्या कव्हरची. आधीच्या रुग्णाचे टाके घालायला सुरुवात झाली की पुढच्याला बोलवायचे, त्याआधी नाही. सर्जनने ‘क्लोजर’ म्हटले की वॉर्डला फोन. हे सगळ्यात अवघड गेले, कारण रुग्ण दारात उभा असला की थिएटर वेगाने चालते असा जुना समज. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या रुग्णाला ट्रॉलीवरच पंधरा ते वीस मिनिटे गरम हवेचे ब्लँकेट. भुलेआधी ३६ खाली असेल आणि तातडी नसेल तर थांबायचे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिकाही हेच सांगते. तीच ५०० मिलिलिटर किंवा अधिक द्रव ३७ अंशांना, आणि धुण्याचे पाणी ३८ ते ४० अंशांना गरम करायला सांगते. त्यासाठी तापमान दाखवणारे एक गरम कपाट घेतले. प्रोस्टेटवाल्या सरांचे आकडे सगळ्यात आधी या कपाटाने सुधारले.

तीन गोष्टी बजावून सांगाव्या लागल्या. वॉर्मरची नळी ब्लँकेट न लावता नुसती चादरीखाली सोडायची नाही. डिस्पोजेबल ब्लँकेट महाग म्हणून हे सर्रास होते आणि एकाच जागी गरम हवा लागून कातडी भाजते. गरम सलाईनची बाटली रुग्णाच्या कुशीत ठेवायची नाही. भुलेतल्या किंवा स्पायनलमधल्या माणसाला चटका कळत नाही. आणि बाटली मायक्रोवेव्हमध्ये नाही, कधीच नाही. आतला गरमपणा कुठे किती ते बाहेरून समजत नाही. हे तीनही अपघात टाळण्यासाठी कागदावर एक रकाना वाढवला: भाजल्याची खूण आहे का, आणि ३८ च्या वर गेला का.

मोजणीही दुरुस्त केली. भूल कोणी दिली ते सिस्टर तापमान लिहून झाल्यावरच लिहितात, आणि पहिलाच आकडा लिहायचा. आठवड्यातून एकदा दुसऱ्या सिस्टरने कोणत्याही दोन रुग्णांचे पुन्हा मोजायचे. ३५.८ आणि ३५.९ वहीत परत दिसू लागले. टक्केवारी त्या आठवड्यात वाढली, आणि मॅडमनी ती तशीच छापली.

मार्चच्या मध्यापर्यंत ३६ खालचे रुग्ण ४४ वरून १९ टक्क्यांवर, ३५.५ खालचे क्वचित. यातला मोठा वाटा दुलई, फोन आणि कपाट यांचा आहे. शिवाय थंडीही ओसरली होती. जानेवारीची मार्चशी तुलना करून पाठ थोपटून घेणे बरोबर नाही. खरी तुलना पुढच्या जानेवारीत.

मे महिना

ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसला टेकला आणि ठिपके पुन्हा खाली आले. कॉरिडॉरमध्ये आता भट्टी, तरी रुग्ण थंड. या वेळी भुलेआधीचे आकडे चांगले होते; घसरण टेबलावर होती. एसी १८ वर. गाऊन, दोन ग्लोव्ह्ज आणि हाडाच्या केसला शिशाचा एप्रन घातलेल्या सर्जनला घाम येतो, ही खरी अडचण, पण त्या वेळी रुग्ण उघडा असतो. तोडगा वेळेवर निघाला: कातडी साफ करून चादरी पांघरेपर्यंत खोली २१ च्या खाली नाही, वॉर्मर चालू झाला की सर्जनला हवा तितका गारवा. भिंतीवर थर्मामीटर लावला आणि एसीचा रिमोट सर्क्युलेटिंग सिस्टरांच्या, म्हणजे थिएटरात वरकाम बघणाऱ्या सिस्टरांच्या, खिशात गेला. पहिल्या आठवड्यात त्यासाठी दोनदा आवाज चढले.

कागदाचा एक तोटाही याच महिन्यात दिसला. दोन भूलतज्ज्ञांचे सगळे ठिपके आता रेघेच्या वर असतात. त्यांना दर सोमवारी सांगण्यासारखे काही उरले नाही आणि त्यांनी कागद वाचणे सोडले. त्यांना महिन्यातून एकदा पुरे. मोकळ्या झालेल्या जागी मळमळ आणि वेदना यांचे रकाने घ्यावेत असा विचार आहे, पण वेदनेचा आकडा रुग्ण सांगतो, थर्मामीटर नाही, आणि त्याची मोजणी ठरवायला पुन्हा तेवढाच वेळ जाईल.

रात्रीच्या सिझेरियनच्या ओळी अजून बहुतेक कोऱ्या आहेत. रात्री रिकव्हरीला एकच सिस्टर असते, तिच्या एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात फोन. तिला थर्मामीटरच्या सूचनांचा नवा कागद देऊन उपयोग नाही. रात्री दोनच्या केसला दुसरे माणूस कुठून आणायचे, हा प्रश्न व्यवस्थापकाच्या टेबलावर आहे.